जुन्या ट्रान्झिस्टरला वायरलेस चार्जिंग: या चुका टाळा

दोन पेन्सिल सेलवर चालणारा जुना ट्रान्झिस्टर. मागच्या झाकणाला आतून वायरलेस चार्जिंगच्या रिसिव्हरची चकती चिकटवली, रेडिओ चालू ठेवूनच चार्जिंग पॅडवर ठेवला, आणि मीडियम वेव्हवर ७९२ किलोहर्ट्झचं पुणे केंद्र गेलं. उरली नुसती घरघर. आधी वाटलं, आयसी उडाला. मग रेडिओ उचलला, तर बातम्या चालूच होत्या.

पॅड साधारण १०० ते २०५ किलोहर्ट्झवर चालतं. मीडियम वेव्ह त्याच्या बरीच वर सुरू होते खरी, पण पॅडमधून त्या फ्रिक्वेन्सीच्या तिप्पट, पाचपट, सातपट फ्रिक्वेन्सीच्या लहरीही निघतात आणि त्या नेमक्या बँडात येतात. पॅड १५८ च्या आसपास असेल तर पाचपट येते ७९२ च्या उंबऱ्यावर. रेडिओच्या आतल्या फेराइट रॉडचं (हाच त्याचा अँटेना) कामच चुंबकीय लहरी गोळा करणं. तो याही इमानेइतबारे गोळा करतो. फॉइल लावून बघितली, काही फरक नाही. पॅडवर असताना रेडिओ बंद ठेवायचा, एवढाच इलाज.

सगळ्यात जास्त घोळ सेलमध्ये होतो. टीपी४०५६ चा इवलासा चार्जिंग बोर्ड स्वस्त मिळतो म्हणून लोक तो निकेल मेटल हायड्राइडच्या रिचार्जेबल सेलला जोडतात. तो लिथियमसाठी आहे, ४.२ व्होल्ट होईपर्यंत ढकलत राहतो. दोन निकेल सेल भरले की २.९ च्या आसपास थांबतात, म्हणजे हा बोर्ड थांबायचं नाव घेणार नाही आणि सेल तापतील. उलट लिथियम सेल घातला तर ३ व्होल्टच्या रेडिओला ४.२ मिळतात. ते उतरवायला कन्व्हर्टर लावला की त्याची स्वतःची किरकिर सुरू.

मी २००० एमएएचचे दोन निकेल सेल ठेवले. रिसिव्हरचे ५ व्होल्ट, पुढे एक शॉटकी डायोड (सेल उलटा रिकामा होऊ नये म्हणून), मग १० ओहम, १ वॅटचा रेझिस्टर. डायोडवर ०.३ जातात, सेलवर २.८ धरले तर उरतात १.९ व्होल्ट, म्हणजे १९० मिलिअँपिअर. रात्री ठेवायचा, १४-१५ तासांनी काढायचा. आपोआप बंद होत नाही, तेव्हा विसरायचं नाही.

चार सेलच्या रेडिओला हे जमणार नाही. चार निकेल सेल भरताना ५.८ व्होल्टपर्यंत जातात, ५ व्होल्ट त्यांना पुरत नाहीत. असे सेल बाहेर काढून चार्ज करा, सरळ.

जर्मेनियम ट्रान्झिस्टरच्या जुन्या सेटमध्ये बरेचदा बॅटरीचं प्लस चेसिसला (आतल्या धातूच्या सांगाड्याला) असतं. सवयीने काळी वायर चेसिसला डाग मारलीत तर उलटा पुरवठा गेला, कॅपॅसिटर आणि ट्रान्झिस्टर दोन्ही धोक्यात. आधी मीटर लावा.

रिसिव्हरच्या चकतीतल्या कॉइलची फेराइटची बाजू आत, तारेची बाजू पॅडकडे. रॉडजवळ चिकटवलीत तर रेडिओ स्टेशनं धरेनासा होतो. आणि चामड्याचं कव्हर काढूनच पॅडवर ठेवा; जाडी वाढते हे एक, शिवाय माझ्या कव्हरचं लोखंडी टिचबटण बरोबर कॉइलखाली येत होतं. अर्ध्या तासाने उचललं तर बोटाला चटका बसला.