रुमाल सोडता येतो का? तालुक्यात अभिलेखांचं प्रशिक्षण कसं भरवावं

कचेरीतल्या रेकॉर्डच्या कामातून निवृत्त झाले तरी जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या कचेऱ्यांतून फोन येतात. "मॅडम, रेकॉर्डचं प्रशिक्षण ठेवायचंय, याल का?" मी आधी एवढंच विचारते, कुठं ठेवलंय? "सभागृहात. प्रोजेक्टर आहे, एसी आहे." मग मी सांगते, तुमच्या रेकॉर्ड रूममध्ये ठेवा, येते. निम्मे लोक तिथंच गळतात.

हट्टाला कारण आहे. मी स्वतः असं सभागृहातलं प्रशिक्षण घेतलं होतं. टाचणवही, पेन, समोसा, शेवटी प्रमाणपत्र. त्यानंतर सहाच महिन्यांत एक म्हातारे बाबा वारस फेरफाराची, म्हणजे जमिनीवर वारसाचं नाव चढवल्याच्या नोंदीची, नक्कल मागायला आले. चार खेपा घातल्या त्यांनी. चारही वेळा मी "सापडत नाही बाबा" म्हणून परत पाठवलं. फेरफार बुद्रुकचा होता आणि निघाला खुर्दच्या रुमालात, म्हणजे कागद बांधून ठेवतात त्या कापडी गठ्ठ्यात. तो रुमाल बांधला होता मीच, गाठ माझी होती. खान्देशात हे फार होतं. एका नावाची दोन-तीन गावं, पुढे बु. किंवा खु., त्यापुढे आणखी प्र. नाहीतर त., म्हणजे गाव ज्यात मोडायचं तो जुना प्रगणा किंवा तर्फ. घाईत माणूस पहिला शब्द वाचतो आणि रुमाल बांधून मोकळा होतो. हे पडद्यावरच्या स्लाइडमधून कळत नाही. धूळ नाकात गेल्यावर कळतं.

तर आता कसं करायचं ते सांगते.

तारीख. मार्चअखेर नको, निवडणुकीच्या तोंडावर नको, अवकाळीचे पंचनामे चालू असताना तर नकोच. आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आठवड्यात ठेवाल तर निम्म्या बाया माहेरी असतात. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघरी कानबाई देवी बसते आणि सोमवारी तिचं विसर्जन असतं, त्या सोमवारी हजेरीपटावर फक्त बाहेरगावचे लोक सापडतील. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो, पत्र्याखालच्या रेकॉर्ड रूममध्ये माणूस टिकत नाही. मला डिसेंबर-जानेवारी आवडतो. ऊन कोवळं असतं, कागद कोरडे असतात आणि वांगी आलेली असतात. वांग्यांचं पुढे सांगते. एखादा दिवस साजरा करून वरिष्ठांचं लक्ष वेधायचं असेल तर 1 ऑगस्टचा महसूल दिन आहे, त्याच दिवशी नवं महसुली वर्ष सुरू होतं. 28 सप्टेंबरचा माहिती अधिकार दिन आहे. 9 जूनला जगभर अभिलेख दिन पाळतात, आपल्याकडे तो फारसा कुणाच्या ध्यानात नसतो.

माणसं. बारा, फार तर पंधरा. त्यात शिपाई आणि महसूल सेवक, म्हणजे पूर्वीचे कोतवाल, हवेतच. साहेब लोकांना हे पटत नाही, पण रुमाल कुठल्या घोडीवर, म्हणजे मांडणीवर, आहे हे कचेरीत खात्रीनं सांगू शकणारा माणूस बहुतेक वेळा शिपाईच असतो. तो निवृत्त झाला की अर्धं रेकॉर्ड त्याच्यासोबत घरी जातं. नवीन लागलेल्या महसूल सहायकाच्या शेजारी त्याला बसवा. प्रत्येकानं आपल्या टेबलावरची एक बंद झालेली फाईल सोबत आणायची, एवढं पत्रात लिहा. बाकी काही आणायला सांगू नका.

सकाळ: चिठ्ठ्या. उद्घाटन, दीपप्रज्वलन, सत्कार यांना वीस मिनिटांच्या वर देऊ नका. साहेब गेले की टोपलीत बारा चिठ्ठ्या टाकायच्या. प्रत्येक चिठ्ठीवर खरा अर्ज येतो तसं लिहायचं: अमुक गाव, अमुक गट, आजोबांच्या नावाचा फेरफार, साल अंदाजे. दोघादोघांनी एक चिठ्ठी उचलायची, घड्याळ लावायचं, दहा मिनिटांत कागद टेबलावर. बारापैकी तीन-चार सापडले तरी खूप झालं. तेव्हा ओरडू नका. कुठं अडलं ते फळ्यावर लिहा. यादीत गावाचं नाव नाही, रुमालावरची चिठ्ठी फाटली, यादी आहे पण घोडीचा नंबर बदलला. दिवसभराचा अभ्यासक्रम त्या फळ्यावरच तयार होतो, वेगळा छापायची गरज नाही.

दोन चिठ्ठ्या मी मुद्दाम फसव्या टाकते. एक बुद्रुक-खुर्दची, माझ्या पापाची आठवण म्हणून. दुसरी अशी, की तिचं उत्तर "इथं नाही" हेच असतं. 1906 पर्यंत अख्खा खान्देश एकच जिल्हा होता आणि कलेक्टर कचेरी धुळ्याला होती. मग पूर्व खान्देश आणि पश्चिम खान्देश झाले, म्हणजे आजचे जळगाव आणि धुळे. नंदुरबार धुळ्यातून निघालं ते 1 जुलै 1998 ला. धरणगाव आधी एरंडोल तालुक्यात होतं. त्यामुळे जुना कागद आजच्या नकाशानुसार सापडत नाही. त्या साली ते गाव कुणाच्या हद्दीत होतं, हे आधी विचारायचं. हे ज्याला सुचलं तो गडी रेकॉर्डला ठेवण्याजोगा.

रुमाल सोडणं. यासाठी पूर्ण तास ठेवा. टेबलावर स्वच्छ पांढरी चादर. रुमाल उचलताना गाठीला धरून उचलायचा नाही, खालून दोन्ही हातांनी घ्यायचा, झोळीतल्या बाळासारखा. गाठ ओढायची नाही, सैल करायची. कापडाची चारही टोकं उलगडली की आधी वास घ्या. कुबट आला तर ओल लागलीय. आंबूस आणि मातकट आला तर वाळवीची शंका धरा. मग वरचा पुठ्ठा. मागच्या हिवाळ्यात एका कचेरीत आम्ही असाच एक उघडला, आतलं हक्कपत्रक, म्हणजे जमिनीच्या हक्कांची नोंदवही, जांभळ्या कॉपिंग पेन्सिलीनं लिहिलेलं. एका नवीन मुलीनं सवयीनं बोट जिभेला लावून पान उलटलं, आणि तिचं बोट जांभळं झालं. पानावरच्या नावातलं एक अक्षर तिच्या बोटावर आलं होतं. ती इतकी कावरीबावरी झाली की मला पुढचं व्याख्यान द्यावंच लागलं नाही. तिथूनच सगळ्यांनी कोरड्या बोटांनी, वरच्या कोपऱ्यातून पान उलटायला सुरुवात केली.

गंजलेल्या टाचण्या उपटायच्या नाहीत. कागद सपाट ठेवून टाचणीची टोकं आधी सरळ करायची, मग हळूच काढायची, तिथं सुती दोरा किंवा टॅग. फाटलेल्या पानाला सेलोटेप कधीही नाही. चार-पाच वर्षांत तो पिवळा पडतो, डिंक कागदात मुरतो आणि अक्षर घेऊनच निघतो. लॅमिनेशनही नाही. पातळ टिश्यू कागद आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ, एवढ्यावर पुष्कळ भागतं. त्याहून मोठं काम असेल तर पुराभिलेख संचालनालयाला लिहा, तिथं हे शास्त्र जाणणारे लोक आहेत.

अबकड, म्हणजे कुठली फाईल किती वर्षं ठेवायची याची वर्गवारी. इथं लोक पेंगतात, म्हणून जेवणाआधीच उरका. आणलेली फाईल ज्यानं त्यानं समोर धरायची आणि मोठ्यानं सांगायचं: अ, म्हणजे कायम. ब, 30 वर्षं. क, 10. क-1, 5. ड, 1 वर्ष. चूक नेहमी एकाच ठिकाणी होते. वर्षं फाईल उघडल्यापासून मोजतात. ती फाईल बंद झाल्यापासून मोजायची. आणि कोर्टात प्रकरण चालू असेल किंवा लेखापरीक्षणाचा आक्षेप उभा असेल तर ड असली तरी हात लावायचा नाही. नाश करताना सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी आणि यादी लागते, आणि ती यादी स्वतः मात्र कायम ठेवायची. कागद गेला तरी तो गेला कसा, हे कळलं पाहिजे.

सहा गठ्ठ्यांची पद्धत सगळ्यांना पाठ असते आणि कुणाच्याच टेबलावर नसते. चालू प्रकरणं, प्रतीक्षाधीन, नियतकालिकं (ठरल्या मुदतीनं पाठवायची विवरणपत्रं), स्थायी आदेश, रेकॉर्डला पाठवायची, नष्ट करायची. पाठांतर घेऊ नका. दहा मिनिटं टेबलांवर फेरी काढा, पाचवा गठ्ठा किती फुगलाय ते बघा. रेकॉर्ड रूम बिघडते ती तिथून.

कायदा. पंधरा मिनिटं बास. दोन गोष्टी ठसल्या पाहिजेत. माहितीच्या अधिकाराच्या कलम 4 मध्येच अभिलेखांची सूची आणि अनुक्रमणिका करून ठेवायला सांगितलंय, ते अर्ज येण्याची वाट बघून करायचं काम नाही. आणि "कागद आढळून येत नाही" हे माहिती नाकारायचं कारण त्या कायद्यात कुठंही लिहिलेलं नाही. शिवाय महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, 2005 आहे. त्याखाली बेकायदा नष्ट केलेल्या कागदापायी पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे ऐकल्यावर जांभया थांबतात.

जेवण. बाहेरून पुलाव मागवू नका. त्या वांग्यांचं भरीत, कळण्याची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा, कांद्याची पात. पण रेकॉर्ड रूमच्या बाहेर, अंगणात. तेलाचे हात आणि फेरफार एका खोलीत नकोत. जेवून आल्यावर साबणानं हात धुवून, पूर्ण कोरडे करून मगच आत. दारात टॉवेल घेऊन मी स्वतः उभी राहते, हसतात लोक, हसू देत.

दुपार: वाळवी आणि पाऊस. घोडी भिंतीपासून वीतभर लांब, खालचा कप्पा जमिनीपासून वीतभर वर. वाळवी भिंतीतून येते, तिला पूल मिळू द्यायचा नाही. लाकडी मांडण्या असतील तर महिन्यातून एकदा मागून टॉर्च मारा, मातीची रेघ दिसली की दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. मग एक जुनं वर्तमानपत्र भिजवून टेबलावर ठेवा आणि सांगा, हे तुमचं हक्कपत्रक, छत गळलंय, वाचवा. पहिला माणूस हमखास उन्हाकडे धावतो. उन्हात कागद आकसतो, पानं एकमेकांना चिकटतात. सावलीत पंखा लावायचा, मध्ये मध्ये टिपकागद घालायचे आणि ते सारखे बदलायचे. ओल्या गठ्ठ्याला दोन दिवसांत बुरशी धरते, म्हणजे शनिवारी भिजला तर सोमवारपर्यंत थांबून चालत नाही. किल्ली कुणाकडे असते, रविवारी फोन कुणाला करायचा, हे तिथल्या तिथं भिंतीवर लिहून घ्या.

दुसरा दिवस मिळाला तर सगळ्यांना धुळ्याला न्या, राजवाडे संशोधन मंडळात. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे 1926 मध्ये धुळ्यातच गेले, त्यांनी गावोगाव फिरून, माळ्यांवरून, अडगळीतून गोळा केलेले कागद तिथं आहेत. आपण ज्याला रद्दी म्हणतो ती कुणीतरी पाठीवर वाहून आणली, हे डोळ्यांनी बघितलेलं बरं. परत येताना मोडीचा विषय काढा. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं तेव्हा गाव नमुना 14, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदींचं जुनं कोतवाल बुक, कचेऱ्या-कचेऱ्यांतून बाहेर निघालं आणि ते वाचायला माणूस मिळेना. तालुक्यात निदान दोघांना मोडी आलीच पाहिजे, पुराभिलेख संचालनालयाचे वर्ग असतात, त्यांना नावं पाठवा.

प्रमाणपत्र त्याच दिवशी देऊ नका. तीन महिन्यांनी न सांगता जा, एक चिठ्ठी काढा, घड्याळ लावा. सापडला कागद तर तिथंच सही करून द्या. फाईल बाहेर गेली असेल तर तिच्या जागी पुठ्ठा उभा आहे का, त्यावर नाव आणि तारीख आहे का, तेही बघा. मागच्या खेपेला मी अशीच एका कचेरीत गेले. "कागद कथा गया?" (कागद कुठं गेला?) असं अहिराणीत विचारायच्या आत शिपायानं चार मिनिटांत रुमाल आणून ठेवला, चिठ्ठी दोन्ही बाजूंनी लावलेली, बुद्रुक लाल शाईत. मी खूश. सही करायला पेन हवं म्हणून टेबलाचा खण उघडला, तर आत सेलोटेपचं रीळ, अर्धं संपलेलं. भाऊसाहेब छताकडे बघायला लागले. मी सही केली, रीळ पर्समध्ये टाकलं आणि साडेपाचची बस धरली.