उन्हात सुटणारा विंगचा जोड असा पक्का केला

मे महिन्यात नाशिकचं ऊन ४० च्या आसपास जातं, आणि गंगापूर रोडला बंद गाडीत ठेवलेल्या माझ्या फोमच्या विमानाचा विंगचा मधला जोड सारखा सुटायला लागला. ग्लू गनचा गोंद गरम झाला की परत मऊ होतो ना, तेच होत होतं.

जुन्या गोंदावर आयसोप्रोपिल अल्कोहोल सोडलं की तो फोमला धक्का न लागता अख्खा निघून येतो, हे खरंच भारी आहे. मग ५ मिनिटवालं इपॉक्सी (दोन ट्यूब मिसळून घट्ट होणारा गोंद), दोन्ही ट्यूब अगदी सारख्या घेऊन नीट घोटलं, पातळ थर लावला (जास्त लावलं तर नुसतं वजन वाढतं), खालून खाच पाडून जोडाच्या आरपार कार्बन रॉड बसवला, मास्किंग टेपने आवळून रात्रभर तसंच ठेवलं. ५ मिनिटं म्हणजे काम करायला मिळणारा वेळ, पूर्ण ताकद यायला बरेच तास लागतात.

थर्माकोलवर साधा सुपरग्लू नकोच, त्याने थर्माकोल वितळतो, फोम-सेफवालाच घ्या. फेव्हिकॉल पण रुंद जोडात आत हवा न गेल्याने ओलाच राहतो.

आता भर दुपारी उडवतोय, जोड एकदम घट्ट.