ईआरपी गो-लाइव्हच्या आधी स्टोअरवाल्या काकांना विचारा

भोसरीतल्या आमच्या कारखान्यात ईआरपी, म्हणजे सगळ्या खात्यांचं काम एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर, बसवत होतो, आणि आयटम मास्टर (प्रत्येक मालाचा कोड, युनिट वगैरेची मूळ यादी) आम्ही आयटीवाल्यांनीच एसीत बसून बनवला, हीच माती खाल्ली. ट्रायल लोडला, म्हणजे चाचणीसाठी डेटा भरून पाहिला तेव्हा, लोखंडी बारचा स्टॉक भलताच आला. परचेस किलोत घेतं, स्टोअर नगात देतं, अकाउंट्स टनात हिशोब धरतं, आणि आम्ही सरसकट किलो टाकलेलं!

मग काय केलं, तर रोज चारला अर्धा तास परचेस, स्टोअर, प्रॉडक्शन, अकाउंट्सचा एकेक माणूस एका टेबलाशी, चहा माझ्याकडून, आणि एकेक कोड काढून युनिट, एचएसएन (जीएसटीसाठीचा मालाचा कोड), एका नगाचं वजन ठरवायचं, समोरच सही. पहिले दोन दिवस नुसती भांडणं झाली. स्टोअरचे काका म्हणाले, "अरे, कापून उरलेले तुकडे कुठे दाखवणार?" हे तर कन्सल्टंटलाही सुचलं नव्हतं.

अकाउंट्सच्या ताई म्हणाल्या ११ ला जीएसटीआर-१, २० ला ३बी ही जीएसटीची रिटर्न भरायची असतात, त्यामधे गो-लाइव्ह (नवी सिस्टीम प्रत्यक्ष चालू करणं) नको, म्हणून तारीख पुढे ढकलली. गो-लाइव्हच्या आधीच्या रविवारी पीओपासून (खरेदीची ऑर्डर) जीआरएन (माल आल्याची नोंद), इन्व्हॉइसपर्यंत रंगीत तालीम घेतली, त्यात बारकोड प्रिंटरच बंद निघाला.