नर्सिंगचे इंग्रजी शब्द पाठ होत नाहीत? पेशंट काय म्हणतो तिथून सुरुवात करा

दरवर्षी फर्स्ट इयरची बॅच वॉर्डात पोस्टिंगला आली की पहिल्याच आठवड्यात एखादी मुलगी ट्रीटमेंट रूममध्ये डोळे पुसताना दिसते. बारावीपर्यंत मराठी मीडियम, आणि इथे राऊंडला डॉक्टर टॅकिकार्डिया, ऑलिग्युरिया, अफेब्राईल असं भराभर बोलत पुढच्या बेडला जातात, ती बिचारी वहीत काय लिहू म्हणून उभी. मी पण तालुक्याच्या शाळेतून जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला, आले होते, त्यामुळे हे सगळं त्या मुलींसाठी आणि मुलांसाठी लिहितेय.

पहिली गोष्ट, शब्दांची यादी काढून रोज वीस शब्द पाठ करू नका. परीक्षेपुरतं राहतं, नाईट ड्युटीला आठवत नाही. त्यापेक्षा एक छोटी वही खिशात ठेवा आणि पानाचे तीन भाग करा, एकात पेशंट जे बोलला ते जसंच्या तसं, दुसऱ्यात तुम्ही स्वतः काय बघितलं किंवा मोजलं, आणि तिसऱ्यात केसपेपरवर त्याला काय शब्द लिहिलाय तो. रोज तीनच पेशंट करा, पुरे. महिनाभरात वही भरते आणि प्रत्येक शब्दामागे एक चेहरा असतो, तो शब्द मग विसरत नाही.

पेशंटचे शब्द मी पहिले का ठेवले ते सांगते. नवीन असताना एक बाबा ॲडमिट झाले, म्हणाले "तोंडातून रक्त पडलं", मी लगेच हिमॅटेमेसिस लिहून मोकळी. संध्याकाळच्या सिस्टरने ओव्हर, म्हणजे ड्युटी बदलताना पेशंटची माहिती, घेताना त्यांना एवढंच विचारलं, "बाबा, ओकून पडलं की खोकून?" खोकून पडलं होतं. म्हणजे ते हिमॉप्टिसिस, फुफ्फुसाकडचं, आणि मी सगळ्यांना पोटाकडे बघायला लावलं होतं. तेव्हापासून हे तीन शब्द माझ्या डोक्यात एकत्रच आहेत, ओकून रक्त हिमॅटेमेसिस, खोकून रक्त हिमॉप्टिसिस, आणि घोळणा फुटला तर एपिस्टॅक्सिस. शौचाला डांबरासारखं काळं झालं तर मेलेना, तेही यांच्याच शेजारी लिहून ठेवा.

आपल्या लोकांचे शब्द फार बारीक असतात, फक्त नीट ऐकायला पाहिजेत. "अंगात कसर आहे", "कणकण आहे" म्हणजे बारीक ताप, "हुडहुडी भरली" म्हणजे चिल्स. "उन्हाळी लागलीय" म्हणजे लघवीला जळजळ, पेपरवर बर्निंग मिक्च्युरिशन किंवा डिसुरिया. "उमासे येतात" म्हणजे उलटी होईलसं वाटतं पण झालेली नाही, त्याला नॉशिया, व्हॉमिटिंग नाही. "आडवं झालं की दम लागतो, उशाला टेकून बसावं लागतं" हे ऑर्थोप्निया. "चक्कर आली" म्हटलं की थेट गिडीनेस लिहू नका, डोकं गरगरलं, डोळ्यापुढे अंधारी आली की शुद्ध गेली ते विचारा, शुद्ध जाऊन परत आली असेल तर तो सिंकोप आणि डॉक्टरांना ते वेगळं कळायलाच हवं.

काही शब्द फसवे पण आहेत. "पित्त झालंय" म्हणजे ॲसिडिटी, पण "अंगावर पित्त उठलंय" म्हणजे अर्टिकेरिया, गांधी, आणि ते अँटिबायोटिक चालू केल्यावर उठलं असेल तर आधी ते औषध थांबवायचं, डॉक्टरांना हाक मारायची, शब्द नंतर लिहा. "गॅस छातीत चढलाय" म्हणणाऱ्याला गॅसच असेल असं गृहीत धरायचं नाही, घाम, डाव्या हाताला किंवा जबड्याकडे जाणारी कळ विचारायची आणि लगेच कळवायचं. आणि सगळ्यात अवघड म्हणजे "घाबरल्यासारखं होतंय". याला अँग्झायटी लिहून टाकतात, मला याचा खरंच राग येतो. धडधड असेल, दम असेल, शुगर उतरली असेल, नाडी, बीपी, एसपीओटू (रक्तातला ऑक्सिजन), शुगर बघितल्याशिवाय काही लिहायचं नाही. शब्द नक्की माहीत नसेल तर पेशंटचं वाक्य अवतरण चिन्हात तसंच लिहा, त्यात कमीपणा नाही, चुकीच्या भारी शब्दापेक्षा ते कितीतरी सुरक्षित.

आता लांबलचक शब्दांचं. हे शब्द बहुतेक ग्रीक-लॅटिनचे आणि त्या भाषा संस्कृतच्या नात्यातल्या, त्यामुळे मराठी मीडियमवाल्यांना इथे उलट फायदाच आहे, शाळेत कुणी सांगत नाही एवढंच. ग्रीक 'डिस' म्हणजे आपला 'दुः', दुर्गंध दुष्काळमधला, म्हणून डिस्प्निया म्हणजे त्रासाचा श्वास. 'अ' आणि 'अन्' तर तेच, नसणे, ॲप्निया श्वास नाही, ॲन्युरिया लघवी जवळजवळ नाही. (ॲनिमियात मात्र रक्त नाही असं नसतं, कमी असतं, हे लक्षात ठेवा.) 'हायपर' म्हणजे 'उपरि', उपर्युक्तमधला, वर. 'हायपो' म्हणजे 'उप', उपजिल्हाधिकारी मधला, खालचा. 'पेरी' म्हणजे 'परि', परिघ, भोवतीनं, म्हणून पेरिकार्डियम हृदयाभोवतीचं आवरण. 'ऑस्टिओ' म्हणजे अस्थी. शेवटाला 'इमिया' आलं की रक्त, 'युरिया' आलं की लघवी, 'आयटिस' आलं की दाह. ऑपरेशनचे तीन शेवट मुली कायम गोंधळतात, 'एक्टमी' काढून टाकलं, 'ऑटमी' चीर देऊन उघडलं, 'ऑस्टमी' बाहेर तोंड काढलं, कोलोस्टॉमीची बॅग एकदा बदलली की तिसरा विसरणार नाही.

हायपो आणि हायपर फोनवर सांगताना नेहमी आकडा जोडा. "हायपोग्लायसेमिया आहे, शुगर ५२" असं. नुसता शब्द ऐकण्यात चुकतो, आकडा समोरच्याकडून परत बोलून घ्या. तसंच डिस्फेजिया गिळायचा त्रास आणि डिस्फेझिया बोलायचा त्रास, हे दोन्ही ऐकायला सारखेच, तिथे सरळ "गिळता येत नाही" म्हणा.

व्हायटल्सचे शब्द आकड्यांबरोबरच शिका, मोठ्या माणसाचे. नाडी मिनिटाला ६० ते १००, वर गेली टॅकिकार्डिया, खाली आली ब्रॅडिकार्डिया. श्वास १२ ते २०, वर टॅकिप्निया, खाली ब्रॅडिप्निया. श्वास मोजतोय हे पेशंटला सांगायचं नाही, मनगट धरून नाडी बघतोय असंच राहू द्या आणि छातीकडे बघून पूर्ण मिनिट मोजा, कळलं की माणूस श्वास बदलतो. ताप १००.४ फॅरनहाइट म्हणजे ३८ सेल्सिअसपासून फेब्राईल धरतात, नसेल तर अफेब्राईल. बीपीत स्टेथोमध्ये पहिला ठोका ऐकू येतो तो सिस्टोलिक, आवाज गायब होतो तो डायस्टोलिक, या आवाजांना कोरोटकॉफ साऊंड्स म्हणतात, रशियन सर्जन कोरोटकॉफने १९०५ मध्ये सांगितलेले. लघवी तासाला ३० एमएलच्या खाली येत असेल तर सकाळच्या राऊंडची वाट न बघता सांगा, ऑलिग्युरिया हा शब्द त्यासाठीच आहे.

जनरल एक्झामिनेशनला 'पिकल' लक्षात ठेवा, म्हणजे लोणचं. पॅलर (फिकटपणा), इक्टेरस, सायनोसिस आणि क्लबिंग, कॉइलोनिकिया, लिम्फॅडेनोपथी (लिम्फच्या गाठी वाढणं), इडिमा (सूज). नुसतं पाठ करू नका, हाताने करा. पॅलर खालच्या पापणीच्या आत आणि जिभेवर बघा. इक्टेरस म्हणजे कावीळ, डोळ्याच्या पांढऱ्या भागात, खिडकीच्या उजेडात बघा, पिवळ्या बल्बखाली फसगत होते. सायनोसिस ओठ-जीभ निळसर. क्लबिंगमध्ये बोटाचं टोक जाड आणि नख फुगीर, कॉइलोनिकियात नख चमच्यासारखं खोलगट. इडिमाला नडगीवर अंगठा काही सेकंद दाबा, खड्डा राहिला तर पिटिंग. तपासायचा क्रम बघणे, हाताने चाचपणे, ठोकून ऐकणे, स्टेथोने ऐकणे, इन्स्पेक्शन, पाल्पेशन, पर्कशन, ऑस्कल्टेशन. फक्त पोटाला बघून झालं की आधी स्टेथो आणि मग हात, कारण दाबलं की आतड्याचे आवाज बदलतात.

जीसीएस म्हणजे ग्लासगो कोमा स्केल, पेशंट किती शुद्धीवर आहे त्याचा आकडा, १९७४ मध्ये ग्लासगोत बनला, डोळे (ई) ४, बोलणं (व्ही) ५, हालचाल (एम) ६, एकूण १५, आणि सगळ्यात कमी ३, शून्य कधीच नसतो. नुसता "जीसीएस १०" सांगू नका, ई, व्ही, एम वेगवेगळे सांगा, कारण दहा अनेक प्रकारे होतात.

औषधाचे बीडी (दिवसातून दोनदा), टीडीएस (तीनदा), एसओएस (गरज पडली तर), एचएस (झोपताना), स्टॅट (ताबडतोब) हे आठवड्यात बसतात, पण क्यूडी (दिवसातून एकदा) आणि क्यूआयडी (चारदा) घाईच्या अक्षरात सारखे दिसतात, शंका आली की लिहिणाऱ्यालाच विचारायचं, शेजारच्या मैत्रिणीला नाही. आणि इन्सुलिनला 'युनिट' पूर्ण लिहा, नुसतं यू लिहिलं तर ते शून्यासारखं दिसतं आणि १० चे १०० होतात.

शेवटी हे सगळं तोंडात बसायचं तर ओव्हर देताना मोठ्याने बोलायला लागतं. सुरुवातीला एकाच पेशंटचा ओव्हर मागून घ्या, इन्चार्ज सिस्टर सहसा नाही म्हणत नाहीत. "बेड सात, आजी, वय ६८, नोन केस ऑफ डायबिटीस, काल रात्रीपासून दम लागतोय म्हणून ॲडमिट, आत्ता कॉन्शस ओरिएंटेड, अफेब्राईल, पल्स ११०, रेस्पिरेशन २६, बीपी १५० बाय ९०, एसपीओटू ऑक्सिजनवर ९५, दोन्ही पायाला पिटिंग इडिमा, युरिन चार तासात १०० एमएल, डॉक्टरांना कळवलंय, पुढच्या तासाचं युरिन बघून परत कळवायचंय." हे आज रूमवर आरशासमोर तीनदा म्हणा, उद्या बेड सातच्या जागी तुमचा पेशंट घाला.