फ्युएल ट्रिम बघून मॅप बदलताय? आधी या चुका टाळा

मोबाईलवर एक अ‍ॅप, ओबीडी पोर्टात (गाडीच्या तपासणीच्या सॉकेटमध्ये) स्वस्तातला ब्लूटूथ डोंगल आणि स्क्रीनवर लाँग टर्म ट्रिम प्लस 14. एवढ्या भांडवलावर पोरं लॅपटॉप उघडतात, मॅपमध्ये, म्हणजे इंजिनला कधी किती पेट्रोल सोडायचं त्या तक्त्यात, पेट्रोल 14 टक्क्यांनी वाढवतात आणि ट्रिम शून्यावर आला म्हणून खूश होतात. मग गाडी काही दिवसांनी धक्के मारायला लागते आणि गॅरेजच्या दारात येते. सोलापुरात ट्यूनिंगची हौस वाढतेय याचा मला मनापासून आनंद आहे, पण त्याच त्या चुका बघून जीव कळवळतो.

मॅपप्रमाणे पेट्रोल सोडल्यावर ऑक्सिजन सेन्सर एक्झॉस्ट तपासतो. मिश्रण लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) दिसलं तर ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, पेट्रोल वाढवतो, रिच (पेट्रोल जास्त) दिसलं तर कापतो. ती टक्केवारी म्हणजे ट्रिम. शॉर्ट टर्म क्षणोक्षणी हलतो, लाँग टर्म शिकून लक्षात ठेवतो. दोन्हींची बेरीज प्लस-मायनस 5 च्या आत असेल तर मी मॅपला हात लावत नाही. 10 च्या पुढे गेली तर लॅपटॉप बंद करून आधी बॉनेट उघडतो.

बिघाडावर मॅपचं पांघरूण घालणं

ही चूक सगळ्यात महागात पडते. ट्रिम कुठे वाढतो ते बघा, नुसता किती वाढला ते नको. गाडी स्लोला (उभ्या जागी, अ‍ॅक्सिलरेटर न दाबता) असताना प्लस 18 आणि 2500 आरपीएमला धरली की प्लस 3 वर येत असेल, तर इनटेकमध्ये (इंजिनाकडे हवा नेणाऱ्या मार्गात) कुठेतरी फुकटची हवा शिरतेय. स्लोला इंजिन मुळात कमी हवा ओढतं, म्हणून गळतीचा वाटा मोठा दिसतो. उलट, स्लोला सगळं ठीक आणि तुळजापूरचा घाट चढताना ट्रिम वर जातोय, तर फ्युएल पंपाचं प्रेशर आणि फिल्टर तपासा. इनटेकची गळती मी धुराच्या मशीननेच शोधतो. पाइप वरून चांगला दिसतो, पण क्लिप सरकवली की तिच्या खालीच बारीक चीर सापडते. गरम मॅनिफोल्डवर कार्ब क्लीनर फवारून गळती शोधणाऱ्यांनी आगीचा विचार करावा.

गेल्या उन्हाळ्यात सिक्वेन्शियल सीएनजी किट बसवलेली एक गाडी आली. तक्रार अशी की पेट्रोलवर घेतली की काळा धूर, प्लग काजळलेले, अ‍ॅव्हरेज घसरलेलं. एका ठिकाणी पेट्रोलचा मॅप 12 टक्क्यांनी कापूनही झाला होता. त्यानंतर गॅसवर धक्के सुरू झाले आणि चेक इंजिनचा दिवा लागला, कोड पी 0171, म्हणजे लीन. एकाच गाडीत पेट्रोलवर रिच आणि गॅसवर लीन!

मी दोन्ही इंधनांवर लॉग, म्हणजे चालत्या गाडीतल्या आकड्यांची नोंद, घेतला. गॅसवर लाँग टर्म चढत चढत वर जायचा. पेट्रोलवर टाकली की तोच चढलेला लाँग टर्म पेट्रोललाही लागू व्हायचा आणि शॉर्ट टर्म धाडकन मायनसमध्ये कोसळायचा. सिक्वेन्शियल किटमध्ये गॅसचा ईसीयू पेट्रोल ईसीयूने ठरवलेली इंजेक्शनची वेळ घेतो आणि तिच्यावरून गॅस सोडतो. गॅस कमी पडला की पेट्रोल ईसीयू ट्रिम वाढवतो आणि ती शिकवण पेट्रोलवर जाते. त्यात कुणी पेट्रोलचा मॅप कापला की गॅसची वेळही कमी होते, गॅस आणखी लीन होतो. दोष होता गॅसच्या लो प्रेशर फिल्टरमध्ये. कार्ट्रिज काढलं तर बोटांना काळं, चिकट तेल लागलं. पंपावरच्या कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबर येतं, ते. फिल्टर बदलला, मूळ पेट्रोल मॅप परत टाकला, गॅसचा मॅप जुळवला, ट्रिम रीसेट केले. दोन्हीकडे ट्रिम 5 च्या आत बसले. सीएनजीची गाडी असेल तर दोन्ही इंधनांचा लॉग घेतल्याशिवाय मी बोलतसुद्धा नाही.

चुकीच्या वेळी घेतलेला लॉग

थंड इंजिनचा लॉग कचऱ्यात टाका. कूलंट 80 अंशांच्या वर जाऊन गाडी क्लोज्ड लूपमध्ये (ऑक्सिजन सेन्सर बघून पेट्रोल ठरतं त्या स्थितीत) स्थिरावू द्या. आणि सोलापुरात एप्रिल-मेच्या दुपारी उन्हात उभी केलेली गाडी लगेच लॉगला काढू नका. बॉनेटखाली हवेचं तापमान मोजणारा सेन्सर तापलेला असतो, ईसीयूला हवा विरळ वाटते, तो पेट्रोल कमी सोडतो आणि ट्रिम खोटा प्लस दाखवतो. मी सकाळी उजाडताच पुणे हायवेला जातो, एकसारख्या वेगाने चालवतो. घाई असेल त्याने दुसरा ट्यूनर शोधावा.

लॉगच्या वेळी पर्ज व्हॉल्व्हही बंद ठेवा. टाकीतली वाफ इंजिनात आली की ट्रिम मायनस जातो आणि तुम्ही नाहक पेट्रोल कापता.

फक्त लाँग टर्म वाचणं. लाँग टर्म प्लस 8 आणि शॉर्ट टर्म मायनस 6 असेल तर खरी चूक 2 टक्क्यांचीच आहे.

पूर्ण आकडा एकदम टाकणं. मी अर्धाच टाकतो आणि पुन्हा लॉग घेतो. मॅपच्या तक्त्यातल्या शेजारच्या सेलसुद्धा (चौकटी) हळूहळू सरकवाव्या लागतात, नाहीतर मॅपमध्ये खड्डे पडतात.

क्रूझच्या ट्रिमवरून फुल थ्रॉटल ठरवणं. फुल थ्रॉटलला बहुतेक ईसीयू ओपन लूपमध्ये जातात, म्हणजे सेन्सरचं ऐकत नाहीत, आणि साधा नॅरोबँड सेन्सर फक्त रिच की लीन एवढंच सांगतो, किती ते नाही. नेमकं किती ते मोजणारा वाइडबँड सेन्सर नसेल तर तिथे हात घालू नका. टर्बो गाडी लीन झाली तर पिस्टन जातो.

एक्झॉस्टची गळती विसरणं. सेन्सरच्या आधीचं पॅकिंग फुटलं की बाहेरची हवा आत जाते आणि ईसीयूला मिश्रण लीन वाटतं. मिसफायरचंही तसंच, न जळलेला ऑक्सिजन सेन्सरला लीन दिसतो.

ई-20 ला (20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला) बिघाड समजणं. शुद्ध पेट्रोलला वजनाने 14.7 भाग हवेचं प्रमाण लागतं, ई-20 ला साधारण 13.5. म्हणजे जुन्या मॅपच्या गाडीला सुमारे 9 टक्के जास्त पेट्रोल लागणारच. लॅम्डामध्ये (इंधन कुठलंही असो, 1 म्हणजे नेमकं मिश्रण) वाचायची सवय लावा, कारण गेजवरचा 14.7 पेट्रोलच्या मोजपट्टीवरचा असतो.

ट्रिमची मर्यादा शून्य करून किंवा सेन्सरला खोटा सिग्नल देऊन आकडे गोड दाखवणारेही आहेत. ही ग्राहकाची फसवणूक आहे.

मॅप फ्लॅश केल्यावर जुना लाँग टर्म पुसला गेला का, हे स्कॅनरवर स्वतः बघा. काही गाड्यांत तो तसाच राहतो आणि नव्या मॅपवर जुनी दुरुस्ती चढते. रीसेट करा, शहरात आणि हायवेला दोन्हीकडे चालवा, एकदा टाकी नव्याने भरून झाल्यावर पुन्हा लॉग घ्या. तोवर मी गाडी मालकाच्या ताब्यात देत नाही.