गरोदरपणातलं बीपी: माहेरी येताना आणि एरवीही या चुका टाळा

सातव्या महिन्यात ओटी भरली की पहिलटकरीण माहेरी येते. सासर पाटणला, माहेर कोरेगावला. बॅगेत साड्या असतात, ओटीचं सामान असतं, पण तपासणीचं कार्ड आणि सोनोग्राफीचे कागद सासरच्या कपाटातच राहतात. आमच्या सातारा भागात मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती याच चुकीची. गरोदरपणात नव्याने बीपी वाढतं ते २० आठवड्यांनंतर, बहुतेकदा शेवटच्या तीन महिन्यांत. म्हणजे ऐन गरजेच्या वेळी नव्या डॉक्टरांच्या हातात आधीचा एकही आकडा नसतो.

आधीचे आकडे कशाला हवेत? दिवस गेल्यावर रक्तवाहिन्या सैलावतात आणि मधल्या महिन्यांत बीपी थोडं उतरतं. शेवटी ते पुन्हा मूळ जागी येतं. एखादीला लग्नाआधीपासून बीपी असेल, तर मधल्या महिन्यांत ते झाकलं जातं. ती सातव्या महिन्यात पहिल्यांदा समोर आली, तर हे बीपी जुनं की आताचं, हे सांगणं अवघड होतं. आठव्या महिन्यात १३०/८४ भरलं, तर तो आकडा १४०/९० या धोक्याच्या रेषेच्या आतलाच. पण तिसऱ्या महिन्यात १००/६० असेल, तर डॉक्टर तिला पंधरा दिवसांनी नव्हे, लवकर बोलावतील. म्हणून कार्ड सोबत आणाच, आणि प्रत्येक पानाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. ‘बीपी नॉर्मल आहे’ एवढ्यावर उठू नका, आकडा विचारा.

साधारण १२०/८० च्या आत असेल तर उत्तम. चार तासांच्या अंतराने दोनदा वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० भरला, तर बीपी वाढलं असं धरतात. दोन्ही वाढायला हवेत असं नाही, एक पुरतो.

आता मोजण्यातली गडबड. एसटी स्टँडवरून उन्हातून चालत आलेली बाई थेट खुर्चीत बसते. वाटेत चहा झालेला, लघवी तुंबलेली. पट्टा ड्रेसच्या जाड बाहीवरच गुंडाळला जातो, आणि तो फुगत असताना सासूबाई विचारतात, ‘अगं, गोळ्या घेतल्यास का?’ ती मान वळवून उत्तर देते. अशाने आकडा उगाच वर जातो. आधी लघवीला जाऊन या. पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसा, पाय जमिनीवर, दंड उघडा, हात टेबलावर छातीच्या पातळीला. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागा, लहान पट्टा बीपी जास्त दाखवतो. घरी मशीन घ्यायचं तर दंडाचं घ्या, मनगटाचं नको, आणि एकदा दवाखान्यातल्या मशीनशी ताडून बघा. पण जास्त आलेला आकडा ‘चालून आले म्हणून’ असं म्हणत सोडून देऊ नका. शांत बसून पुन्हा मोजून घ्या.

‘पाय सुजले की बीपी, नाही सुजले की नाही’ हा समज दोन्ही बाजूंनी चुकीचा. संध्याकाळी पाय सुजणं नवव्या महिन्यात पुष्कळ जणींना होतं. सकाळी उठल्यावर चेहरा सुजलेला दिसला, बोटातली अंगठी एकाएकी घट्ट झाली, तर मात्र त्याच दिवशी दाखवा. आणि सूज अजिबात नसतानाही बीपी चढलेलं असू शकतं.

याहून घातक गोष्ट म्हणजे लक्षणाला पित्त समजणं. न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांसमोर काजवे, बरगडीखाली उजवीकडे किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखणं, उलट्या, धाप, लघवी कमी होणं, बाळाची हालचाल मंदावणं, यांपैकी काहीही झालं तर ॲसिडिटीची गोळी घेऊन झोपू नका. बीपीसोबत लघवीतून प्रथिनं जाऊ लागली, किंवा यकृत, मूत्रपिंड, मेंदूवर ताण आला, की तो प्रीएक्लाम्प्सिया. त्याचं मूळ वारेत, म्हणजे प्लॅसेंटात आहे. गोळ्यांनी बीपी आटोक्यात राहतं, आजार जात नाही. म्हणून गोळी चालू असतानाही तपासण्या चुकवायच्या नाहीत.

गोळ्यांबद्दल आणखी थोडं. आधीपासून टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामीप्रिल किंवा एनालाप्रिल चालू असेल, तर दिवस गेल्याचं कळताच डॉक्टरांना सांगा, त्या बाळासाठी योग्य नाहीत. त्या बदलून लॅबेटालॉल, निफेडिपिन, मिथाइलडोपा देता येतात. सासऱ्यांच्या डबीतली गोळी घेणं आणि बरं वाटलं म्हणून आपली बंद करणं, दोन्ही नको. जोखीम जास्त असलेल्यांना डॉक्टर कमी मात्रेची ॲस्पिरिन देतात, ती शक्यतो १६ आठवड्यांच्या आत सुरू व्हावी लागते. मीठ पूर्ण तोडून हा आजार टळत नाही.

बीपी कमी असलं, ९०/६० च्या आसपास, आणि त्रास नसेल तर घाबरू नका. पाणी प्या, सावकाश उठा, शेवटच्या महिन्यांत उताणं झोपू नका, कुशीवर झोपा. चक्कर येऊन पडलात किंवा रक्तस्राव झाला तर मात्र लगेच दवाखाना.

१६०/११० किंवा त्याहून वर आकडा आला, तर पंधरा मिनिटांत पुन्हा मोजायचा, आणि तसाच राहिला तर तिथूनच मोठ्या रुग्णालयात निघायचं. बॅग घ्यायला घरी जायचं नाही, १०८ ला फोन लावा. झटके आले तर कांदा किंवा चप्पल हुंगवत बसू नका, तोंडात चमचा घालू नका. डाव्या कुशीवर वळवा आणि गाडी बोलवा.

बाळंतपण झालं म्हणजे धोका सरला, असंही नाही. बीपी बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसात सर्वांत वर जाऊ शकतं, आणि तोवर बाळंतीण घरी आलेली असते. डोकं दुखतंय म्हटलं की ‘वारं लागलं’ म्हणून कानाला रुमाल बांधतात, शेक देतात. रुमाल बांधा हवा तर, पण आधी बीपी मोजून घ्या. आशाताईंना बोलवा किंवा उपकेंद्रात न्या, रात्र असेल तरी दवाखाना गाठा. गरोदरपणात बीपी वाढलेलं असेल, तर घरी सोडतानाच विचारून घ्या: पुन्हा कधी मोजायचं, गोळी किती दिवस, आणि किती आकडा आला तर लगेच निघायचं.