म्युनिकची गोष्ट पोरांना सांगायची तर

पहिल्या वर्षी मी सुरुवात हिटलरपासून केली आणि पार फसलो. फळ्यावर मिशी काढली, पोट्टे हसले, आणि मागचा एक जण म्हणाला, "गुरुजी, आपल्याकडे बी असाच माणूस पाह्यजे." चूक त्याची नव्हती. मी माणूस दाखवला होता; पहिल्या महायुद्धानंतर जिथं ज्यूंचा द्वेष आणि हिटलरचा पक्ष वाढला, ते जर्मनीतलं म्युनिक शहर दाखवलंच नव्हतं.

निवृत्तीनंतर आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावी, वाचनालयाच्या खोलीत, नववी-दहावीच्या पोरांना संध्याकाळी इतिहास सांगतो. कोणाला आपल्या गावात असं करायचं असेल तर माझा क्रम पाहा. तीन संध्याकाळी पुरतात. संक्रांतीनंतर बसा; त्याआधी अर्धी पोरं कापूस वेचायला वावरात असतात. फळा, खडू, वाटीभर ज्वारी आणि तुरीचे दोन दाणे जवळ ठेवा.

पहिल्या दिवशी हिटलरचं नावच काढू नका. नोव्हेंबर १९१८ सांगा. पहिल्या महायुद्धात जर्मनीची चार वर्षं लढाई, घरात उपासमार, आणि आपण जिंकतोय असं वरून सांगितलं जातंय. मग एकाएकी कळतं की हरलो. ७ नोव्हेंबरला बव्हेरिया या जर्मन राज्याच्या राजधानीत, म्युनिकमध्ये, लोक रस्त्यावर आले आणि सातशेहून जास्त वर्षं बव्हेरियावर राज्य केलेल्या घराण्याचा राजा रातोरात पळाला. इथे थांबून २०१७ ची बोंडअळी आठवायला सांगा. पोरांनी घरी ऐकलेलं असतं. कापूस गेला तेव्हा पारावर ज्याच्या त्याच्याकडे एक गुन्हेगार तयार होता. अळी कशी वाढली हे समजून घ्यायला वेळ लागतो, माणूस धरायला लागत नाही.

आता कुर्ट आइस्नर. राजा गेल्यावर बव्हेरियाचा पंतप्रधान झालेला हा पत्रकार ज्यू होता. काही शिक्षक ही बाब गाळतात, पोरांच्या मनात भलतं येईल म्हणून. गाळू नका. एप्रिल १९१९ मध्ये म्युनिकात सोव्हिएत प्रजासत्ताक, म्हणजे कामगार-सैनिकांच्या समित्यांचं क्रांतिकारी सरकार, उभं राहिलं, त्याचे टोलर, लांडाउअर, लेव्हिने हे पुढारीही ज्यूच. द्वेष करणाऱ्यांनी नेमकं हेच उचललं. खोट्याला खऱ्याचा एक तुकडा लागतो, तो तुम्हीच आधी फळ्यावर ठेवा.

मग ज्वारी काढा. शंभर दाणे मोजायला लावा, त्यातले दोन उचलून तुरीचे दोन टाका. १९१० च्या सुमारास म्युनिकची वस्ती सहा लाखांच्या घरात, ज्यू अकरा हजारांच्या आसपास. म्हणजे शंभरात दोनही नाहीत, आणि तेही बहुतेक दुकानदार, डॉक्टर, वकील, कारकून. क्रांतीशी त्यांतल्या बहुतेकांचा संबंध नव्हता, उलट अनेकांना तिची धास्ती होती. हे सांगून होईस्तोवर दाणे हातात राहू द्या.

दुसरी संध्याकाळ अफवेची. लढाईत ज्यू मागे राहतात अशी कुजबुज होती म्हणून १९१६ मध्ये जर्मन लष्करानं ज्यू सैनिकांची मोजणी केली आणि आकडे जाहीर केले नाहीत. पोरांना सांगा: गारपिटीचा पंचनामा झाला आणि यादी साहेबाच्या कपाटातच राहिली, तर गाव काय बोलेल? अगदी तेच झालं. खरं म्हणजे सुमारे एक लाख ज्यू लढायला गेले होते आणि बारा हजारांच्या आसपास मेले. तरी 'ज्यूंनी आणि क्रांतिकारकांनी पाठीत सुरा खुपसला' हेच वाक्य टिकलं. आम्ही हरलो नाही, आम्हाला हरवलं, हे ऐकायला बरं वाटतं ना.

इथं मी माझी गोष्ट सांगतो. पोरं पळवणाऱ्या टोळीचा मेसेज फिरत होता त्या साली आमच्या पारावर चादरी विकणारा एक जण उतरला आणि लोकांनी त्याला घेरलं. पोलीस पाटलांनी त्याला स्वतःच्या घरात कोंडून वाचवलं. तो मेसेज मीही चार गटांत ढकलला होता. सांगताना जीभ अडखळते, पण तुमच्याकडे असं काही असेल तर सांगाच. त्यानंतर १२ सप्टेंबर १९१९ ची गोष्ट लागू पडते: लष्करानं पाळत ठेवायला पाठवलेला एक शिपाई बिअरच्या दुकानातल्या छोट्या पक्षाच्या सभेला गेला आणि पुढे त्याच पक्षात सामील झाला. तो शिपाई हिटलर, आणि तो पक्ष म्हणजे पुढचा नाझी पक्ष. हिटलर इथे येऊ द्या, त्याआधी नको. पाच महिन्यांनी त्याच पक्षानं सुमारे दोन हजारांच्या सभेत २५ कलमं वाचली. चौथं कलम म्हणत होतं, ज्यू जर्मन नागरिक होऊ शकत नाही.

महागाई थोडक्यात सांगा. १९१४ मध्ये डॉलरला ४.२ मार्क, नोव्हेंबर १९२३ मध्ये ४.२ लाख कोटी. फळ्यावर शून्यं काढायला एखाद्या वांड पोराला उठवा, तो खूष होतो.

तिसरी संध्याकाळ कोर्टाची. माझ्या मते खरा धडा हाच, म्हणून घाई नको. फळ्यावर चार नावं लिहा. लेव्हिने: जून १९१९, गोळ्या घातल्या. टोलर: पाच वर्षं कैद, पूर्ण भोगली. आर्को, उजव्या विचारांचा तरुण सरदार: फेब्रुवारी १९१९ मध्ये आइस्नरला रस्त्यात गोळ्या घातल्या, मृत्युदंड सुनावला, दुसऱ्याच दिवशी जन्मठेप झाली, १९२४ मध्ये बाहेर. (या आर्कोची आई ज्यू कुळातली होती. पोरं चक्रावतात, चक्रावू द्या.) हिटलर: नोव्हेंबर १९२३ मध्ये म्युनिकात सत्ता बळकावायचं बंड, चार पोलीस मेले, एप्रिल १९२४ मध्ये पाच वर्षं, डिसेंबरात सुटका. तो ऑस्ट्रियाचा नागरिक, कायद्यानं हाकलायला हवा होता. कोर्टानं नकार दिला.

पोरं बघत राहतात. मागच्या वर्षी दहावीतली एक जण म्हणाली, "गुरुजी, टोलरले पुरी पाच अन् याले नाही, काहून?" तेव्हा मी आर्को आणि हिटलर या दोन नावांभोवती एकच गोल काढला आणि दोघांच्या खटल्यांत बसलेल्या न्यायाधीशाचं नाव लिहिलं: गेओर्ग नायथार्ट.

"एकच होता?"

"एकच."

तेवढ्यात लाइन गेली. पुढचं १९३३, म्हणजे हिटलर सत्तेवर आला ते साल, पोरं स्वतःहून मागतात, त्यासाठी चौथी संध्याकाळ मोकळी ठेवा.